हाडाचा कोन, कातडीवरची खूण : प्रस्तावना

चालतपासणीच्या प्रयोगशाळेतून जो अहवाल बाहेर पडतो त्यात गुडघ्याचा एक आलेख असतो आणि त्याच्या शिखरापाशी ५८ किंवा ६२ असा काही आकडा. वाचणारा अस्थिरोगतज्ज्ञ असो, फिजिओथेरपिस्ट असो की मुलाला घेऊन आलेले आईवडील असोत, सगळे धरून चालतात की गुडघा मोजला आणि तो इतका भरला. प्रत्यक्षात गुडघ्यातली हाडे कोणी पाहिलेलीच नसतात. कातडीवर चिकटवलेले चकाकते गोळे कॅमेऱ्यांनी पाहिले. त्या गोळ्यांवरून हाड कुठे असेल याचा अंदाज बांधला. मांडीच्या हाडाला तीन अक्ष दिले, नडगीला तीन दिले. दोहोंतला फरक एका ठरलेल्या क्रमाने फोडून तीन कोन काढले आणि त्यांतला पहिला अहवालात छापला. या वाटेवर निदान चार ठिकाणी माणसाने निर्णय घेतलेला आहे.

ते निर्णय कोणी घेतले, कशाच्या आधारावर घेतले आणि त्यांतले कोणते अजून वादात आहेत, हे मराठी वाचकापुढे मांडावे म्हणून हा लेखसंग्रह. फिजिओथेरपीचे विद्यार्थी, अस्थिरोग विभागातले निवासी डॉक्टर, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, यंत्र अभियांत्रिकीकडून या बाजूला वळलेली मुले आणि खेळाडूंचे प्रशिक्षक, असा वाचक डोळ्यांपुढे आहे. यांतला प्रत्येकजण चालीकडे आपापल्या खिडकीतून पाहतो, आणि दुसऱ्याच्या खिडकीतून काय दिसते हे सहसा त्याला कोणी दाखवलेले नसते.

आधी मैदानाची आखणी करून घेऊ. चालणे मोजणारे लोक चार गोष्टी मोजतात. पहिली, हालचाल : कोणता सांधा कधी किती वाकला. दुसरी, बळ : पावलाने जमीन किती दाबली आणि जमिनीने उलट किती ढकलले. तिसरी, स्नायूंमधली विद्युत : कोणता स्नायू कधी जागा झाला आणि कधी झोपला. चौथी, खर्च : एवढे चालायला किती प्राणवायू लागला. एका पायाची टाच टेकल्यापासून त्याच पायाची टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन धरतात. ते निरोगी प्रौढात सेकंदाहून थोडे जास्त चालते. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. गुडघा एका आवर्तनात दोनदा वाकतो. टाच टेकल्यावर पंधरा-वीस अंश, धक्का पचवायला. आणि पाय पुढे नेताना साठ अंशांच्या आसपास, बोटे जमिनीला घासू नयेत म्हणून. जमिनीचे उलट बळ दोन उंचवट्यांचे असते आणि प्रत्येक उंचवटा शरीरभारापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी वर जातो. शरीराचा गुरुत्वमध्य दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतो. एवढे आकडे हाताशी असले की पुढचा इतिहास कथेसारखा वाचण्याची गरज उरत नाही. कोणी कोणता आकडा कसा मिळवला, एवढेच पाहावे.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या चालीवर लिहिताना म्हटले होते की डोक्याला शाईत बुडवलेला बोरू बांधून माणूस भिंतीलगत चालला तर भिंतीवर सरळ रेघ उमटणार नाही, नागमोडी उमटेल. प्रयोग त्याने केला की नाही हा भाग वेगळा. मोजण्याची कल्पना मात्र पक्की होती. सतराव्या शतकात इटलीच्या बोरेली यांनी दोन खांब एका रेषेत रोवून त्यांच्या दिशेने चालताना जवळचा खांब लांबच्या खांबापुढे डावी-उजवीकडे सरकताना दिसतो हे पाहिले, आणि चालताना शरीर आडवे झुलते हे त्यावरून ताडले. १८३६ साली जर्मनीतल्या वेबर बंधूंनी चालीच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यांचा ठाम दावा असा की पुढे जाणारा पाय लंबकासारखा आपसूक झुलतो, त्याला स्नायूंची गरज लागत नाही. या दाव्याकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ, कारण त्याचा निकाल दोनदा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली दोन नावे नेहमी जोडीने घेतली जातात, आणि माझ्या मते ती जोडी चुकीची आहे. एडवर्ड मायब्रिज यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढलेली हालचालींची छायाचित्रे १८८७ साली ७८१ पट्टांमध्ये प्रसिद्ध झाली. ती देखणी आहेत, चित्रकारांना आजही उपयोगी पडतात. पण त्यांतून मोजता फार थोडे येते. पॅरिसच्या एतियेन-ज्यूल मारे यांना चित्र नकोच होते. त्यांनी माणसाला काळा पोशाख चढवला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या, मागे काळा पडदा धरला आणि एकाच काचेवर ठरावीक अंतराने अनेक झलका टिपल्या. माणूस नाहीसा झाला, उरल्या त्या सरकणाऱ्या रेषा. बुटाच्या तळाशी हवेची पोकळी ठेवून पाऊल कधी टेकले आणि कधी उचलले याची नोंद करण्याचा उद्योगही त्यांच्याच शाळेतला. आजची कोणतीही चाल-प्रयोगशाळा मारे यांची वारस आहे. मायब्रिज यांचा वारसा सिनेमाकडे गेला.

मग लाइपझिग. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी १८९१ साली जो प्रयोग केला त्यापाशी जरा थांबायला हवे. एका सैनिकाच्या हातापायांवर त्यांनी विरळ वायूने भरलेल्या, वीज सोडली की उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या. विजेचा झटका बसू नये म्हणून नळ्या आणि शरीर यांच्यामध्ये रबर. ही सगळी तयारी व्हायला कित्येक तास लागत. एवढी मोठी काळोखी खोली कुठे मिळणार, म्हणून प्रयोग रात्री. चार कॅमेरे. सैनिक मोजक्या फेऱ्या चालला आणि काम झाले. पण खरे काम तिथून सुरू झाले. काचांवरचा एकेक ठिपका सूक्ष्मदर्शकासारख्या यंत्राखाली मोजायचा, चार कॅमेऱ्यांतून त्याची तीन परिमाणांतली जागा काढायची, त्यावरून वेग, वेगावरून त्वरण, त्वरणावरून बळ, आणि हे सारे हाताने. ब्राउने १८९२ मध्ये वारले. फिशर यांनी ग्रंथाचा शेवटचा भाग १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. एका माणसाच्या काही पावलांचा हिशेब दहा वर्षांहून जास्त काळ चालला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष असा की झुलणारा पाय निव्वळ लंबक नाही. स्नायू त्याला ढकलतात आणि आवरतातही. वेबर बंधू हरले.

पण हरले ते कायमचे नाही. १९९० साली टॅड मॅकगीर यांनी मोटर नसलेली, नियंत्रक नसलेली दोन पायांची चौकट हलक्या उतारावरून केवळ गुरुत्वाच्या जोरावर चालवून दाखवली. त्याआधी मिलानमध्ये कावान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की टेकलेला पाय उलट्या लंबकासारखे काम करतो : शरीर वर चढते तेव्हा वेग घटतो, उतरते तेव्हा वाढतो, आणि मध्यम गतीने चालताना ही देवघेव इतकी चोख जमते की ऊर्जेचा मोठा भाग परत हाती लागतो. फार सावकाश किंवा फार भरभर चालले की ती बिघडते आणि दम लागतो. म्हणजे वेबरांची कल्पना तपशिलात चुकली, गाभ्यात बरीचशी टिकली. या क्षेत्रात असे वारंवार घडते, आणि जुन्या पुस्तकांना हसण्यापूर्वी ते लक्षात असावे.

विसाव्या शतकात या विद्येला पैसा आणि निकड दोन्ही युद्धांनी पुरवले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ज्यूल आमार यांनी पाय गमावलेल्या जवानांसाठी बळ मोजणारी पट्टी बनवली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत व्हर्न इनमन हे अस्थिशल्यविशारद आणि हॉवर्ड एबरहार्ट हे अभियंते एकत्र आले. एबरहार्ट यांनी स्वतः एका अपघातात पाय गमावला होता. कृत्रिम पायांबद्दल परतलेल्या सैनिकांच्या तक्रारी होत्या, आणि धडधाकट पाय नक्की काय करतो हेच ठाऊक नसेल तर त्याची नक्कल कशी करणार, हा त्यांचा प्रश्न. कातडीवरच्या खुणांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या कटिराला, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांना भूल देऊन धातूच्या पिना बसवल्या आणि त्या पिनांसकट त्यांना चालवले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांचा आधार पुढची कित्येक वर्षे घेतला गेला. आज असा प्रयोग करायला नैतिक समितीची परवानगी मिळणे कठीण. मिळालीच तर चार-सहा जणांपुरती.

याच बर्कलीच्या मंडळींनी १९५३ साली चालीचे सहा 'निर्धारक' मांडले : कटिराचे वळणे, त्याचे एका बाजूला झुकणे, टेकल्या गुडघ्याचे वाकणे आणि उरलेले तीन. या सहा गोष्टींमुळे शरीराची वर-खाली सफाईदार होते आणि ऊर्जा वाचते, असा सिद्धान्त. मांडणी इतकी नेटकी की ती थेट पाठ्यपुस्तकांत गेली आणि आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या परीक्षांत आजही विचारली जाते. पुढे प्रत्यक्ष मोजले तेव्हा कळले की कटिराचे झुकणे आणि गुडघ्याचे वाकणे यांचा त्या सफाईत वाटा किरकोळच आहे, टाच उचलण्याचा बराच मोठा. त्याहून मूलभूत आक्षेप असा की शरीर अगदी सपाट रेषेत नेणे स्वस्त पडतच नाही, महाग पडते. गुडघे वाकवून, डोके न हलवता चालून पाहा, मांड्या भरून येतील. विद्यार्थ्याने सहा निर्धारक पाठ करावेत, परीक्षेत लिहावेत, पण रुग्णावर त्यांचा वापर करू नये, असे मी स्पष्टच लिहितो.

दवाखान्यातली शाळा यापेक्षा वेगळी. कॅलिफोर्नियातल्या रांचो लोस अमिगोस रुग्णालयात जॅकलीन पेरी यांच्यापुढे पोलिओचे रुग्ण होते. आधी फिजिओथेरपी शिकून मग शल्यविशारद झालेल्या या बाईंनी एका आवर्तनाचे आठ टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यात कोणत्या सांध्याने काय करायला हवे, न केल्यास दोष कुठे शोधायचा, हे इतके घोटवून लिहिले की नुसत्या डोळ्यांनी चाल पाहणारालाही दिशा मिळावी. १९९२ साली आलेला त्यांचा ग्रंथ अजून टेबलावर असतो. भारताला पोलिओमुक्त जाहीर केले गेले २०१४ मध्ये. पण लहानपणी पोलिओ झालेली, आज पन्नाशी-साठीत असलेली आणि नव्याने थकवा, दुखणे घेऊन येणारी माणसे आपल्या ओपीडीत अजून आहेत, म्हणून पेरी आपल्याला जुन्या झालेल्या नाहीत.

मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची, मुले ही या शाळेची खरी कसोटी. पूर्वी अशा मुलावर दर वर्षी एक शस्त्रक्रिया व्हायची : यंदा टाचेमागची शीर, पुढच्या वर्षी मांडीमागचे स्नायू, त्याच्या पुढच्या वर्षी जांघ. कॅनडाचे शल्यविशारद मर्सर रँग याला वाढदिवसांचा विकार म्हणत, कारण मुलाचा प्रत्येक वाढदिवस इस्पितळात जायचा. चवड्यावर चालणारे मूल पाहिले की टाचेमागची शीर लांबवायची, हा सरधोपट मार्ग. पण काही मुलांत घोटा ठीक असतो. गुडघा वाकलेला राहतो म्हणून टाच टेकत नाही. अशा मुलाची शीर लांबवली की पोटरीचा उरलासुरला टेकू जातो आणि ते मूल पुढे बसल्यासारखे, गुडघे दुमडून चालू लागते. हा दोष दुरुस्त करणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. डेव्हिड सदरलँड, जेम्स गेज यांच्या पिढीने आधी सगळे सांधे एकत्र मोजायचे, मग सगळ्या दुरुस्त्या एकाच वेळी करायच्या, हा रिवाज पाडला. चालतपासणीने वैद्यकात आपली जागा कमावली ती इथे. तरी एक कटू नोंद : २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीच मुले चार निरनिराळ्या केंद्रांत तपासली, तर आकडे जुळेनात आणि उपचारांचे सल्लेही जुळेनात. या अभ्यासाचा पुष्कळांना राग आला. मला तो या विषयातला सर्वांत उपयुक्त लेखांपैकी एक वाटतो.

आकडे का जुळत नाहीत? इथे अभियंत्यांच्या शाळेकडे वळावे लागते, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग तिथेच खर्ची पडला आहे. गोळे लावणाऱ्याचे हात पाहा. तो बोटांनी कमरेच्या पुढच्या दोन हाडांची टोके चाचपतो. स्थूल माणसात ती सापडतच नाहीत. खुब्याचा सांधा तर खोल आत. त्याचे केंद्र या टोकांमधल्या अंतरावरून सूत्राने काढतात आणि ते सूत्र मोजक्या लोकांच्या मापांवर बेतलेले असते. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा, आणि मांडीवर एक गोळा. गुडघ्याचा बिजागरीचा अक्ष कोणत्या दिशेला आहे हे जुन्या पद्धतीत या मांडीवरच्या गोळ्यावरून ठरते. तो बोटभर मागे-पुढे लागला की अक्ष फिरतो. समजा अक्ष पंधरा अंशांनी फिरला. आता गुडघा साठ अंश वाकेल तेव्हा गणित त्यातले बारा-तेरा अंश 'गुडघा आडवा कलला' या खात्यात टाकेल. निरोगी मुलाचा गुडघा अधांतरी असताना इतका आडवा कलू शकत नाही, अस्थिबंध ते होऊ देत नाहीत. तेव्हा अहवालात आडव्या कोनाचा आलेख वाकण्याच्या आलेखाबरोबर हुबेहूब उठताना दिसला, तर दोष मुलाच्या गुडघ्यात शोधू नये, गोळ्याच्या जागेत शोधावा. हे ओळखायला अर्धे मिनिट लागते, आणि ते न ओळखता हाड वळवण्याची शस्त्रक्रिया ठरवली जाऊ शकते.

दुसरा घोटाळा कातडीचा. मांडीवरची कातडी, चरबी आणि आकसणारे स्नायू हाडावरून घसरतात. खुब्याजवळ आणि मांडीवर हे घसरणे काही सेंटिमीटरपर्यंत जाते. गोळ्यावरून हाडाचा कोन सांगणे म्हणजे सैल अभ्र्यावर खूण करून आतली उशी किती फिरली ते सांगणे. पुढे-मागे वाकण्याचा कोन मोठा असल्याने त्यात ही चूक बुडून जाते. मांडी आतबाहेर वळण्याचा कोन मुळातच लहान, तिथे चूकच कोनाएवढी होते. म्हणूनच पुनःपुन्हा मोजून घेतलेल्या अभ्यासांचा २००९ सालचा आढावा सांगतो की बहुतेक कोनांत पाच अंशांच्या आतली चूक धरून चालावी, खुबा आणि गुडघा यांच्या वळण्याचा अपवाद करून. दोन भेटींमध्ये रुग्णाचा गुडघा तीन अंशांनी सुधारला असे लिहिणारा अहवाल, या हिशेबाने, काहीच सांगत नाही.

या गोंधळात शिस्त आणणारे लोकही याच शाळेतले. १९८३ साली ग्रूड आणि संताय यांनी गुडघ्यासाठी अशी अक्षरचना सुचवली की निघणारे तीन कोन डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्याशी जुळावेत : वाकणे, आडवे कलणे, वळणे. आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स संघटनेने पुढे हाच धागा धरून २००२ आणि २००५ मध्ये बहुतेक सांध्यांसाठी शिफारशी केल्या. कॅनडातल्या वॉटर्लूचे डेव्हिड विंटर यांनी बळाचे गणित पायरीपायरीने उकलून दाखवले. जमिनीचे उलट बळ माहीत आहे, पावलाचे वजन आणि त्वरण माहीत आहे, तर घोट्यावर काय येत असेल? ते कळले की गुडघ्यावर, मग खुब्यावर. खालून वर चढत जाणारे हे गणित, आणि त्यात खालची चूकही वर चढत जाते. विंटर यांचे पुस्तक वाचताना मला नेहमी वाटते की या माणसाला आपल्या आकड्यांवर प्रेम होते आणि भरवसा बेताचाच.

मॉस्कोचे निकोलाय बर्नस्टाइन यांना वेगळाच प्रश्न पडला होता : हातोडा मारणाऱ्या कसबी कामगाराचा प्रत्येक फटका अचूक पडतो, मग त्याच्या सांध्यांचे मार्ग दर वेळी निराळे का? शरीर एकच हालचाल पुन्हा करत नाही, तेच काम पुन्हा नव्याने सोडवते, हे त्यांचे उत्तर. चढउतार म्हणजे केवळ मोजमापाची चूक नाही, त्यातला काही भाग कौशल्याचाच असतो, हे आज नव्याने पटू लागले आहे. संग्रहात यावर एकच लेख आहे. दोन हवे होते.

गणिताने काढलेले बळ खरे किती, हे तपासायचा एकच मार्ग : सांध्याच्या आत मोजमापाचे यंत्र. बर्लिनमध्ये बर्गमान आणि सहकाऱ्यांनी बदललेल्या खुब्याच्या सांध्यातच संवेदक बसवून तेही करून दाखवले. साध्या चालण्यात खुब्यावर शरीरभाराच्या जवळजवळ अडीचपट बळ येते. रुग्ण अडखळला तर आठपटीच्याही वर. कारण सोपे आहे. एका पायावर उभे राहिले की शरीराचा भार सांध्यापासून लांब पडतो आणि त्याला तोलणारा कुल्ल्याचा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असतो, म्हणून त्याला भारापेक्षा खूप जोराने ओढावे लागते. ती ओढ आणि भार दोन्ही सांध्यावर येतात. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात काठी धरली की या ओढीतली बरीचशी वाचते. आपल्याकडे निम्मी आजी-आजोबा मंडळी काठी दुखऱ्याच बाजूला धरतात, आणि घरातले त्यांना हौसेने तशीच धरायला लावतात.

आता आपल्याकडचा प्रश्न. चालीच्या पाठ्यपुस्तकांतले 'सामान्य' आकडे बव्हंशी युरोप-अमेरिकेतल्या, बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचे आहेत. गुडघा बदलल्यावर ११० अंश वाकला की तिथला रुग्ण जिना चढतो, खुर्चीतून उठतो, खूश असतो. भारतीय व्यक्तींच्या उकिडवे बसण्या-उठण्याचे मोजमाप २००६ साली प्रसिद्ध झाले, त्यात गुडघा दीडशे अंशांच्या पुढे गेलेला दिसतो. पंगतीला मांडी घालणे, भारतीय शौचालय, शेतात खुरपायला बसणे हे सगळे त्या उरलेल्या चाळीस अंशांत राहते. हा फरक प्रयोगशाळेआधी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात ओळखला गेला. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी असे रबरी पाऊल घडवले की बुटाशिवाय, चिखलात, उकिडवे बसून, मांडी घालून वापरता यावे. परदेशी पावले बूट गृहीत धरूनच बनवलेली होती. जमिनीचे उलट बळ मोजणाऱ्या फोर्स प्लेटवर त्याची परदेशी पावलांशी तुलना पुढे, १९९५ मध्ये, थोड्या लोकांवर का होईना, झाली. म्हणजे आधी गरज ओळखली, मग वस्तू घडली, मोजमाप सर्वांत शेवटी आले.

वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांची गोष्ट याच्या उलट बाजूची. कुष्ठरोग्यांच्या पावलांना होणाऱ्या जखमा रोगाने सडल्यामुळे होतात असे मानले जाई. ब्रँड यांनी दाखवले की संवेदना गेल्यामुळे रुग्ण त्याच जागेवर तोच दाब हजारो पावले देत राहतो आणि मांस आतून चिरडते. दुखत असते तर तो पाऊल जरा फिरवून टाकता. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी दाबाने फुटणाऱ्या रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरून दाब कुठे साचतो ते रुग्णाच्या पायावरच दाखवले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, आज सगळीकडे 'एमसीआर चप्पल' म्हणून मिळणारी पादत्राणे या विचारातून आली. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले लाखो लोक आज महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्यासाठी तळपायाच्या दाबाचे मोजमाप गुडघ्याच्या कोनापेक्षा कितीतरी निकडीचे आहे. म्हणून हा विभाग आम्ही मुद्दाम मोठा ठेवला.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर खिशात आहे. स्टॅनफर्डमध्ये बनलेल्या ओपनकॅप या मोफत प्रणालीला दोन फोन पुरतात; गोळे नकोत, पट्ट्या नकोत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्या कोनांतली सरासरी चूक साडेचार अंशांच्या आसपास होती, म्हणजे महागड्या प्रयोगशाळेच्या फार मागे नाही. खिशातला फोन चालीचा तोल सांगू लागला आहे. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही उद्या चालीचा आलेख छापून मिळेल, आणि मग अडचण वेगळीच होईल : आलेख सगळ्यांकडे असेल, तो वाचणारे थोडेच. चित्रावरून सांधा ओळखणाऱ्या संगणकाला शिकवताना खुबा कुठे आहे हे कोणीतरी हजारो छायाचित्रांवर टिचकी मारून दाखवलेले असते. त्या टिचक्या ज्या कपड्यांवर पडल्या त्यांत नऊवारी आणि लुंगी कितीशा असतील? निऱ्यांच्या आतला गुडघा संगणक आत्मविश्वासाने दाखवतो. तो आत्मविश्वास तपासण्याची सवय वाचकाला लागावी, हा या संग्रहाचा खटाटोप.

आणि सगळीकडे यंत्रच हवे असेही नाही. २०११ साली ३४,४८५ वृद्धांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासात केवळ चालण्याच्या वेगाचा पुढच्या आयुष्याशी स्पष्ट संबंध दिसला. त्यासाठी लागते चार मीटर मोकळी जागा आणि स्टॉपवॉच. या विषयातले सर्वांत महाग यंत्र आणि सर्वांत उपयोगी मोजमाप क्वचितच एका खोलीत असतात.

संग्रहाच्या मांडणीबद्दल थोडेसे. लेख इतिहासक्रमाने लावलेले नाहीत. सुरुवात चुकांपासून आहे : गोळा कुठे लावला, कोणता अक्ष धरला, आलेखावरची 'सामान्य' म्हणून छापलेली करडी पट्टी कोणाच्या चालीवरून काढली. मग हालचाल, बळ, स्नायू, दाब. शेवटी प्रत्यक्ष रुग्णांचे अहवाल, नावगाव पुसून, आणि त्यांवर एकमेकांशी न पटणाऱ्या दोन तज्ज्ञांची टिपणे. ती टिपणे जुळवून घेण्याचा मोह आम्ही टाळला. धावणे आणि खेळ इथे नाहीत; त्यांचे मोजमाप इतके वाढले आहे की दोन प्रकरणांत उरकणे त्यांच्यावर अन्याय. खांदाही एकाच लेखापुरता, कारण खांद्याचे पाते कातडीखाली इतके सरकते की चालीसाठी घडवलेली बहुतेक हत्यारे तिथे बोथट ठरतात. त्रिमितीय फिरण्याचे गणित शेवटच्या परिशिष्टात आहे, ज्यांना ते नको असेल त्यांनी खुशाल वगळावे. मात्र पहिला विभाग सोडून थेट रुग्णांच्या आलेखांकडे उडी मारू नये. तिथले पहिलेच दोन आलेख आम्ही गोळा मुद्दाम चुकीच्या जागी लावून काढलेले आहेत आणि त्यांच्याखाली तशी सूचना छापलेली नाही.